उजवी पाकळी

माझी शाळा मराठी पाचवीला सुटली. देवीनेच सोडवली, असं घरचे शेवटपर्यंत सांगत राहिले.

पुढच्या इयत्तेला पालीच्या शाळेत जावं लागे. आई म्हणे, जाऊ दे. बापाला मला मुंबईला, चुलत्याच्या गिरणीत धाडायचं होतं. असा तिढा पडला की आमच्यात ग्रामदेवीला कौल लावत. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"आई, पोराला मुंबयला धाडू काय?" गुरवाने विचारलं.

मी हात जोडून मनात घोकत होतो, डावी पाड, डावी पाड. डावीच पडली.

बाप म्हणाला, "पाकळी जड होती. परत लाव."

"देवीपेक्षा तुझीच घाय दिसते रे," गुरव हसला. पण लावली. परत डावी.

"गाऱ्हाणं नीट घातलं नाहीस तू."

तिसऱ्या खेपेला उजवी पडली. बापाने लगेच नारळ फोडला.

बाप घरूनच ठरवून आला होता, हे मला तिथेच कळलं. पाठोपाठ दुसरंही कळलं, ते जास्त झोंबलं. डावी पडली तेव्हा मला देवी खरी वाटली होती, उजवी पडल्यावर खोटी. म्हणजे मीही बापाचाच. तोवर डोक्यात येईल ते मी खरं धरून चालत असे. त्या दिवसापासून आत एक दुसरा येऊन बसला. तो विचारतो, हे तुला का वाटतं?

वाटेत मी म्हटलं, "बाबा, तुमचं आधीच ठरलेलं."

"शिंगं फुटली काय तुला?" म्हणून त्याने कानफटात दिली. पावसाळा सरल्यावर मी गिरणीत होतो.

तो आतला काही सुखाचा सोबती नाही. लोक बिनघोर पाया पडतात, मला ते कधी जमलं नाही. त्याच्याबद्दल मी फक्त बायकोलाच सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग त्याला पण ताट मांडू काय?"

गिरणी सुटून आम्ही गावी परतलो, तिथे गेल्या साली ती अंथरुणाला खिळली. मुलांनी कौल लावला, आई बरी होईल काय? आधी डावी पडली. "परत लाव," मीच म्हणालो. मग उजवी पडली. आतला बोलायला लागला, त्याला मी गप बस म्हटलं आणि नारळ फोडला.

त्याच आठवड्यात ती गेली. आता घरात मी आणि तो. तो अजून विचारतो. ताट मांडणारी नाही.