तासगावची छाटणी, टामाकीची काढणी

आमच्या कामाच्या जागी फोन आत नेता येत नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही, बाहेर साधी पाटीसुद्धा नाही. त्यामुळे जे काही घडतं ते डोक्यातच साठवावं लागतं, आणि आमची तीन मराठी डोकी आता ओसंडून वाहायला लागली आहेत. थोडं तुमच्यावर सांडते.

इथे किवींच्या देशात, ईस्ट टामाकीतल्या एका शेडमध्ये आम्ही गांजा पिकवतो. दचकू नका, रीतसर लायसन्स आहे, औषधासाठी आहे. मी पुण्याची फार्मासिस्ट, माल तपासते. केळकर इंजिनियर, दिवे आणि एसी सांभाळतात आणि मते वाटत फिरतात. धनंजय तासगावचा, शेतकी पदवीवाला, रोपं त्याच्या ताब्यात. तो मला ताई म्हणतो आणि मी त्याला धन्या. वर बसलाय ग्रेग, आमचा किवी बॉस. पहिलंच पीक होतं. ग्रेगसकट कोणालाच काही येत नव्हतं, पण मान्य फक्त धन्या करायचा.

*

पहिला प्रश्न, लोकांना सांगायचं काय? केळकरांच्या बायकोने पापाकुराच्या भिशीत सांगून टाकलं, "औषधी रोपं आहेत हो, तुळशीसारखी."

झालं. दिवाळी सरल्यावर एका वहिनींचा केळकरांना फोन. तुळशीच्या लग्नाला एक रोप आणाल का, इथल्या थंडीत आमची तुळस गेली.

केळकर गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, आमच्यात लग्न लावत नाहीत. सगळ्या मुलीच ठेवतो. मुलगा निघाला की उपटून फेकतो." खरंच आहे ते, गांजात कामाची फक्त मादी रोपं.

वहिनींनी त्यानंतर केळकरांना पानसुपारीलाही बोलावलं नाही, आणि त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाला तर नाहीच नाही.

*

मग छाटणी. खालच्या सावलीतल्या मरतुकड्या फांद्या काढायच्या, म्हणजे रोपाची ताकद वरच्या कळ्यांना जाते. एवढंच काम. पण ग्रेग जाताजाता धन्याला म्हणाला, "बी ब्रूटल, मेट."

आता तासगावच्या माणसाला छाटणीत ब्रूटल व्हायला सांगायचं? द्राक्षाची खरड छाटणी बघितलीय का कधी? एप्रिलमध्ये अख्खी वेल बोडकी करतात, फळाची वेळ ऑक्टोबरनंतर. धन्याने रोपांचं एक अख्खं टेबल तसंच भादरलं. केळकर ओरडत आत धावले म्हणून बाकीची टेबलं वाचली.

ग्रेग आला. कुंड्यांतून वर आलेल्या बोटभर खुंटांकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "माझी झाडं कुठेत?"

धन्या शांतपणे म्हणाला, "येतील की. ऑक्टोबरला."

हे पीक द्राक्षासारखं परत फुटत नाही, एकदाच येतं, हे त्याला मी सांगितलं. बिचारा दोन दिवस जेवला नाही. पण त्यानंतर उरलेल्या रोपांना त्याने जो जीव लावला, तो मी माणसांनी माणसांना लावलेला बघितलेला नाही. फुलोरा सुरू झाल्यावर तर कात्रीच कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाला, "ताई, मी मागितली तरी देऊ नका."

*

आता खरी गोम. धन्याचं तन्वीशी जमलं होतं. तन्वी नर्स, पापाकुराला राहते, गोड पोरगी. आईवडील पुण्याहून तिच्याकडे राहायला आले होते आणि मुलगा बघायचा होता. वडील कोण? इनामदार साहेब. सरकारी खात्यातून निवृत्त. उभी हयात कशात गेली? गांजा पकडण्यात!

धन्याची पाचावर धारण बसली. ते इथे यायच्या आधी, पहिल्याच व्हिडिओ कॉलवर साहेबांनी विचारलं, "काय पिकवता?" आणि याच्या तोंडून निघालं, "टॉमेटो."

तन्वीने कपाळावर हात मारला. म्हणाली, खोटं तू बोललास, आता तूच निस्तर. बाबांना गांजा एक वेळ चालेल, खोटं चालणार नाही. पण धन्याला धीर होईना. मुलगी हातची जाईल या भीतीने तो दर रविवारी पुकेकोहेच्या बाजारातून टॉमेटो घेऊन साहेबांना "मळ्यातले" म्हणून नेऊन द्यायला लागला. एकदा बाजार चुकला, तर कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेतले. डेअरी म्हणजे दूध नाही, इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. गडबडीत एका टॉमेटोचा स्टिकर राहिला.

साहेबांनी चष्मा लावून वाचला. "मळा ऑस्ट्रेलियात आहे का तुमचा?"

"बी तिकडचं आहे," धन्या म्हणाला.

साहेबांनी स्टिकर सोलून चष्म्याच्या डबीत ठेवला. धन्या म्हणतो, ओरडले असते तर परवडलं असतं.

*

इकडे पीक तयार होत आलेलं. तयार झालं हे ओळखायचं कसं? कळीवर दवासारखे बारीक थेंब असतात, ते भिंगातून बघायचे. काचेसारखे असतील तर कच्चं. दुधी झाले की कापायचं. तांबूस व्हायला लागले म्हणजे उशीर झाला.

केळकरांनी विचारलं, "दुधी म्हणजे गाईचं की म्हशीचं?" आणि त्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. खोटं नाही सांगत.

तेवढ्यात ग्रेगने भिंग घेतलं आणि किंचाळला. सगळं तांबूस! आत्ताच्या आत्ता कापा! धन्याने एक कळी तोडून बाहेर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नेली. थेंब काचेसारखे स्वच्छ. केळकरांच्या पिवळ्या दिव्यांखाली ग्रेग स्वतःच तांबूस दिसत होता, कळीचं काय घेऊन बसलात!

ग्रेगला तरी घाईच होती. लाँग वीकेंड येतोय, शुक्रवारी कापून मोकळे होऊ, "शी'ल बी राइट," म्हणजे होईल सगळं नीट. पहिल्यांदाच धन्या त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, नाही होणार राइट, एकदा मी घाईने कात्री लावली ती पुरे झाली. ग्रेग म्हणाला, मग बिघडलं तर तुझ्यावर. धन्या म्हणाला, माझ्यावर.

*

आणि कळ्या दुधी कधी झाल्या? रविवारी. नेमकं त्याच दुपारी चारला इनामदारांकडे पसंतीचं बोलावणं. ना पीक थांबणार, ना साहेब. सकाळी आम्ही तिघांनी ग्रेगबरोबर कापणी केली. धन्याने तीनदा आंघोळ केली, वर केळकरांच्या आफ्टरशेव्हची अर्धी बाटली. त्याचे आईवडील तासगावला, म्हणून मुलाकडचे म्हणून मी आणि केळकर सोबत.

हॉलमध्ये बसलो. साहेबांनी धन्याकडे बघून नाक जरा वर केलं. मग पुन्हा. 

"टॉमेटोला हा वास येत नाही," साहेब म्हणाले.

तन्वी दारात उभी. धन्याने तिच्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. लायसन्स, औषध, ग्रेग, भादरलेलं टेबलसुद्धा. शेवटी म्हणाला, "गांजाची लाज नाही वाटत साहेब. टॉमेटोची वाटते."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग विचारलं, "आज कापला?"

"हो."

"आधी कापायची घाई कोणी केली नाही?"

"बॉसने केली. मी थांबलो."

साहेबांनी पुन्हा एक श्वास घेतला, या खेपेला चांगला खोल. म्हणाले, "इतकी वर्षं माल पकडला, पण सगळे लेकाचे भीतीने कच्चाच कापायचे. एवढं नीट पिकू दिलेल्या मालाचा वास पहिल्यांदाच घेतोय. ज्याला थांबता येतं, त्याला मुलगी द्यायला माझी हरकत नाही. अगं, साखर आण."

तन्वी रडायला लागली, मी रडायला लागले, केळकरही चष्मा पुसायला लागले.

इनामदार काकू पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या, तो टेबलावर ठेवला आणि साहेबांकडे वळल्या.

"साखर आणते. पण मला एक सांगा, पकडलेला माल तुम्ही नुसता जाळायचात ना? मग जाळून, लाल डोळ्यांनी घरी आलात की दर वेळी उभ्या उभ्या श्रीखंडाचा अख्खा डबा का संपवायचात?"