मेंथॉलचा गारवा आणि माझी दोन बोटं

"सिगारेट ओढता?" अँजिओग्राम पाहता पाहता डॉक्टरांनी विचारलं.

"ओढतो. पण मेंथॉलची," मी म्हणालो.

पडद्यावर माझ्या डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या होत्या. घोट्याजवळ एक वाहिनी मधेच संपली होती आणि तिच्या आजूबाजूला पीळदार तारेसारख्या बारीक वाटा फुटल्या होत्या. "याला बर्जर्स डिसीज म्हणतात," डॉक्टर म्हणाले. यात हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात आणि बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. हा आजार बहुतेक वेळा तंबाखू ओढणाऱ्या तरुणांना होतो.

"औषधांनी दुखणं कमी होईल. आजार थांबवायचा तर तंबाखू पूर्ण बंद. एकही सिगारेट नाही."

मी तेव्हा सिंगापूरला पीएचडीनंतरचं संशोधन करत होतो, तिशीही गाठली नव्हती. सुरुवात तळव्यापासून झाली. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत चालताना तळव्यात गोळा यायचा, थांबलं की जायचा. मी बूट बदलले. मग अंगठा निळसर पडला आणि शेजारच्या बोटावर एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. असं काही तुम्हाला झालं तर बूट बदलत बसू नका.

पुण्यात मी कधी सिगारेटला हात लावला नव्हता. इथे आल्यावर पहिल्यांदा माझ्यासारखे लोक भेटले, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष. ते भेटले एका बारच्या मागे, सिगारेट ओढायच्या कोपऱ्यात. आत संगीताचा गोंगाट असायचा, म्हणून खरं बोलणं बाहेर व्हायचं. घरी कुणी काय सांगितलंय, ऑफिसात कुणाला काय लपवावं लागतं, सगळं तिथे. हातात सिगारेट असली की तिथे उभं राहायला कारण लागत नसे.

केल्विन त्याच कोपऱ्यात भेटला. सिंगापूरचाच मुलगा, पासिर रिस भागात वाढलेला. माझी पहिली मेंथॉल त्याच्याच पाकिटातली. "लाइट आहे लाह," तो इथल्या बोलण्याच्या ढंगात म्हणाला होता. घसा जळला नाही, थंड वाटलं. पुढे आम्ही बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहू लागलो.

"मेंथॉलनं घसा बधिर होतो," डॉक्टरांनी समजावलं. "त्यामुळे माणूस धूर आणखी खोल ओढतो. धूर तोच असतो." काही देशांनी मेंथॉलवर बंदी घातल्याचंही ते म्हणाले. इथे दुकानांतली पाकिटं बंद कपाटात गेली, पण मेंथॉल मागितली की मिळत होती. बंदी असती तर मी वाचलो असतो का, ते सांगता येत नाही. पण पहिल्याच झुरक्याला जोराचा ठसका लागला असता, तर कदाचित मी त्या कोपऱ्यात रिकाम्या हातानं उभं राहायला शिकलो असतो.

मी त्याच दिवशी सिगारेट सोडली. फार्मसीत ओळखपत्र दाखवून निकोटीन गम आणला आणि दिवसभर चघळत राहिलो. जखम मात्र काळी पडत गेली. पुढच्या तपासणीत लघवीत निकोटीन निघालं. मी गमचं सांगितलं, तसे डॉक्टर म्हणाले, "इतरांसाठी तो चांगला आहे. या आजारात निकोटीन कुठूनही नको. गम नाही, पॅच नाही." हे मला माहीत नव्हतं. म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

पुण्याहून आई आली आणि माझी काळजी घ्यायला राहिली. मी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर माझं ड्रेसिंग केल्विन करायचा. पाय मांडीवर घेऊन, हळूहळू, जखमेवर फुंकर घालत. आई दारातून बघायची. तिला तो माझा रूममेट म्हणून माहीत होता.

नंतर उजव्या पायाचं एक बोट थंड पडायला लागलं. त्या तपासणीला केल्विन माझ्याबरोबर आत आला. "घरात कुणी ओढतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," केल्विन म्हणाला. तो खाली जाऊनच ओढायचा, तरी कपड्यांना, केसांना वास असायचाच.

"याच्याजवळ धूर नकोच. शक्यतो घरातही नको."

त्यानं खरंच प्रयत्न केला. चिडायचा, रडायचा, झोप उडायची, आणि पुन्हा खाली जायचा. एका सकाळी त्यानं बॅग भरली. "ट्राय केलं मी. जमत नाही. माझ्यामुळे तुझा पाय गेला तर मी काय करू?" तो आईवडिलांकडे पासिर रिसला राहायला गेला. मी त्याला थांब म्हणालो नाही. बोट अजून थंडच होतं.

आईनं विचारलं, "तो का रे गेला?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

तिनं माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला हे नीट कळत नाही. पण तुझ्या पायावर फुंकर घालताना मी त्याला पाहिलंय." पुण्याला गेल्यावर बाबांना तिनं रक्ताचा आजार एवढंच सांगितलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

माझा उजवा पाय वाचला. बोट हळूहळू कोमट झालं. मी अजूनही रोज हात लावून बघतो.

केल्विनला मी शेवटचा भेटलो तो बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. सकाळपासून एकही ओढली नव्हती. कॉफीचा कप त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"माझ्यासाठी असं करून येऊ नकोस," मी म्हणालो. "डॉक्टरकडे जा. तुला गम चालेल. तुझ्यासाठी सोड."

"बघतो," तो म्हणाला. मग माझ्या बुटाकडे पाहत म्हणाला, "दुखतं?"

"नाही."

त्यानं मान हलवली, आणि आम्ही दोघं कॉफी संपेपर्यंत बसून राहिलो. त्यानं सोडली की नाही, मला अजून माहीत नाही. माझा एक पाय शाबूत आहे तो डॉक्टरांमुळे, आईमुळे, आणि केल्विन निघून गेला म्हणून.