ओलं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. आमच्या बाळापूरकडं पेरणीआधी सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि कोंब किती फुटले ते पाहूनच बियाणं रानात नेतात. त्या वर्षी नांदेडच्या दवाखान्यात, बाहेर तयार केलेला गर्भ पोटात सोडायची माझी तिसरी खेप वाया गेली होती. गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं म्हणून मी आधी कितीतरी महिने गोळ्या खाल्ल्या, पोटावर सुया टोचून घेतल्या. आता अस्तर चांगलं झालंय, गर्भच कमजोर असू शकतो, नवऱ्याची आणखी एक तपासणी करू, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. नवऱ्यानं घरी आल्यावर त्यातलं अक्षरही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सासरे अंगणात गोणपाट उलगडत होते. चुलत सासूनं माझी चौकशी केली, तर माझ्यादेखत म्हणाले, "बी चांगलंच हाय, रानच खडकाळ निघालं, काय करता?" मी म्हटलं, "मामा, दुकानातलं बियाणं तपासल्याबिगर तुमी पेरत न्हाई. डॉक्टरीणबाईनं तुमच्या लेकालाबी तपासायला सांगितलंय, मंग त्याला काहून लाज वाटून राहिली?" नवरा मान खाली घालून कोंब फुटलेले दाणे निवडत राहिला. त्याची ती तपासणी आजवर झालेली नाही. गोणपाट मात्र दर वर्षी भिजतं.