सातव्या घराची पाळी

चहा पुढे करण्याआधी पाहुण्याकडे सिद्धता मागणारा माणूस अख्ख्या वसईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला होता. गास गावचे हे मास्तर शाळेत गणित शिकवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून एम.ए.ला बसले आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्राच्या पेपरात दोनदा आपटले. मी तेव्हा कॉलेजात तोच विषय शिकत होतो. म्हणून दर रविवारी दुपारी वसईतल्या होळी वस्तीतून सायकल हाणत मी त्यांना माझ्या वह्या नेऊन द्यायचो आणि संध्याकाळपर्यंत आरोपीसारखा उभा असायचो. ‘प्राध्यापक म्हणाले’ हे उत्तर चालत नसे. “त्यांनी बघितलंय काय? नाय ना? मग मला वाडीत दाखव!” विहिरीच्या कट्ट्यावर ते खडूने व्याख्या लिहीत. सोमवारी रहाट ओढणारा रेडा शेपटीने त्या पुसून टाकी. “ह्यालाही पटलेली दिसत नाय,” मास्तर समाधानाने सांगत.

सगळ्यात जास्त राग आयडेंटिटीवर. गणितातल्या ग्रुपमधला हा असा सभासद, की त्याला कुणाशीही जोडा, समोरच्यात काडीचा फरक पडत नाही. “काहीच न करणारा मेंबर ठेवायचा कशाला? आमच्या चर्चच्या कमिटीत असे चार आहेत, काढता निघत नायत.” मी तासभर समजावलं. त्यांनी मला पोटभर केळी खाऊ घातली आणि मत तसूभरही बदललं नाही.

त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ वेगळा झाला. सामाईक विहिरीभोवती गोलात पाच घरं होती, प्रत्येकाची वाडी मागे, आणि रहाटाचं पाणी दिवसाला एका वाडीला. एकीला पाणी दिलं की शेजारचीही मुळं ओलावतात, म्हणून पणजोबांपासून पाळी एक घर सोडून फिरे: पहिलं, तिसरं, पाचवं, मग दुसरं, चौथं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, रहाट बंद. आता धाकट्याचं सहावं घर झालं आणि त्याच शिरस्त्याने पहिलं, तिसरं, पाचवं झाल्यावर पाळी परत पहिल्याच्या दारात उभी राहिली. पहिलं घर मास्तरांचं! शिरस्ता मोडायला म्हातारे तयार होईनात, आणि धाकट्याच्या पानवेलींनी माना टाकल्या. “दादा, गणित तुझंच,” तो म्हणाला. “मला बरोबर वगळलंस.” त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी चहा काही न विचारता आला, तेव्हाच मी घाबरलो. मास्तर वहीकडे बघतही नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या आठवड्याचं पान वाचू लागलो: मूळ संख्येइतके सभासद गोलात बसवले, तर कितीही घरं सोडून उड्या मारा, सगळ्यांना शिवूनच परत येता. मास्तर ताडकन उठले.

“पाच होते म्हणून चाललं! सहाचे सात करायला पाहिजेत.”

“सातवं घर आणणार कुठून?”

त्यांची नजर दोघा भावांच्या अंगणांमधल्या चुना लावलेल्या क्रुसावर गेली. “तो काय उभा आहे! पाणी मागत नाय, काही करत नाय. त्याची पाळी रविवार. अरे, हाच तुझा आयडेंटिटी!”

त्यांनी म्हाताऱ्यांना गोळा केलं, कट्ट्यावर सात ठिपके काढले आणि एक सोडून एक बोट नाचवलं. सोमवारी दुसरं, मंगळवारी चौथं, असं करत शनिवारी पाचवं आणि रविवारी क्रूस. शिरस्ताही मोडला नाही, कुणी उपाशीही राहिलं नाही. धाकटा लांब उभा राहून बोटांवर मोजत होता.

“दादा, बुधवार माझा?”

“बुधवार तुझा. सिद्धता पाहिजे?”

“नको.”

सिद्धता न मागणाऱ्या माणसाकडे मास्तरांनी इतक्या मायेने बघितलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षेत नेमका तोच सिद्धांत आला. मास्तरांनी विहीर, सहा घरं आणि क्रूस काढून दिला, आणि तिसऱ्यांदा नापास झाले. चौथा फॉर्म त्यांनी भरला नाही. “मला समजलं ना? मग झालं.”

पुढे मी हाच विषय शिकवू लागलो. आयडेंटिटी मुलांना झटकन समजते, लगेच लिहूनही घेतात. मला मात्र रविवारच्या त्या दुपारी आठवतात. रहाट थांबलेला, क्रुसाच्या पायरीवर दोघे भाऊ काहीही न करता बसलेले, आणि मधे जागा करून मलाही बसवलेलं. वही तशीच मिटलेली असायची. इतकं सुखाचं काहीच न करणं मला पुन्हा कधी जमलं नाही.