चिंचेच्या पाण्यातली चेन

खोटं मी बोललो होतो. ऊर्जानगरच्या फाटकाजवळच्या सायकलवाल्याने माझी गंजलेली चेन चिंचेच्या पाण्यात भिजवून लख्ख केली होती. "घरी गेल्याबरोबर तेल लावजा, भाऊ," असं त्याने बजावलं होतं. मी आळस केला. चेन पुन्हा गंजली, म्हणून मी ती घेऊन परत त्याच्या दुकानात गेलो.

"तेल लावलं होतं ना?" त्याने विचारलं.

गिऱ्हाइकांसमोर मी "हो" म्हणालो.

"त्या पाण्याचं आता सार करा!" कुणीतरी हसलं.

सायकलवाल्याने गोंधळून मडक्यातलं चिंचेचं पाणी बोटाने चाखलं. "मंग काऊन गंजली? पाणीच बिघडलं असंन," म्हणत सगळं ओतून दिलं. पुढे तो रेशनच्या रॉकेलनेच चेन घासायचा.

एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटं का बोललो, मलाही कळेना. अखेर चिंच घेऊन त्याच्याकडे गेलो.

"भाऊ, तेल मी लावलंच नव्हतं. तुमचं पाणी चांगलं होतं. माफ करा मले."