मांडीवरचे निळे डाग

लेकीच्या मांडीवर निळे डाग दिसले आणि मी तडक कुंभारीच्या अंगणवाडीत भांडायला गेले. ती डाऊन सिंड्रोमची, साडेतीन वर्षांची, बोलणं जेमतेम. अशा पोरांना लोक गुपचूप चिमटे काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात माझा राग कायम नाकावर. चार बायकांसमोर मी अंगणवाडीच्या बाईंना वाट्टेल ते बोलले.

बाई म्हणाल्या, "मी हात न्हाय लावला, ताई. पोट बघा की तिचं, पाठ बघा. तितं कोन चिमटं काढतंय? रक्त तपासलंय का पोरीचं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" म्हणत मी पोरीला उचलून घरी आणलं. फ्रॉक काढला. पोटावर, पाठीवर, सगळीकडं डाग होते.

तपासणीचं मला कुणी शिकवायला नको होतं. ती जन्मली तेव्हाच तिच्या रक्तात कच्च्या पेशी सापडल्या होत्या. सोलापुरातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच या मुलांमध्ये कधीकधी पोटात असतानाच बिघडतात. बहुतेकांचं आपोआप निवळतं, थोड्यांचं ब्लड कॅन्सर होऊन परततं. म्हणून चार वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. तिचं दोन महिन्यांत निवळलं, आम्ही पेढे वाटले. दोन वर्षं नेमानं तपासलं आणि दर वेळी रिपोर्ट चांगला आला. पण शीर सापडायची नाही, चार-चार ठिकाणी टोचायचे, आणि ती माझ्याकडं बघत रडायची. मला ते सोसेना. मी नेणं बंद केलं. नवऱ्याला मात्र सांगत राहिले, नेलं होतं, सगळं ठीक आहे.

त्याच दिवशी आम्ही दोघं तिला सोलापूरला घेऊन गेलो. "शेवटची तपासणी कधी केली?" डॉक्टरांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "दीड वर्ष झालं," मी म्हणाले.

कॅन्सरच निघाला. औषधं लगेच सुरू झाली. पण मध्येच ताप चढला आणि तो झेलण्याइतकं बळ तिच्या अंगात उरलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. आधी कळलं असतं तर वाचली असती का, असं मी विचारलं. "तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडं बघवेना म्हणूनही म्हणाले असतील.

भेटायला आलेल्या बायकांत अंगणवाडीच्या बाईही होत्या. मी त्यांची माफीसुद्धा मागितली नव्हती. त्यांनीच माझा हात धरला. "तुमी लई केलं ओ तिच्यासाठी," त्या म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

नवरा उठून बाहेर गेला.