सात नंबरचं छत

मामाच्या स्वयंपाकघरामागे धुण्याच्या मशीनसाठी सोडलेली एक चिंचोळी जागा आहे. एक माणूस बसला की ती भरते. मशीन तिथे कधीच आलं नाही. ते बाथरूमच्या दाराशी अंग चोरून उभं असतं आणि आंघोळीला जाणारा प्रत्येकजण त्याला वळसा घालून आत शिरतो. "आमच्याकडे धुण्याला जागा नाही, रेल्वे स्टेशनला आहे," असं मामी आल्यागेल्याला सांगते.

आणि स्टेशन खरंच आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर एक स्टेशन, एक छापखाना, एक दुमजली पोस्ट आणि मामाची प्राथमिक शाळा मांडलेली आहे, सगळं खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचं. स्टेशनातल्या पाण्याच्या नळ्या बॉलपेनच्या रिफिलींच्या आहेत. शाळेची घंटा म्हणजे मामाच्या लग्नातल्या कोटाचं बटण. मामीने ते ओळखलं तेव्हा ते चिकटून पार पक्कं झालं होतं.

पोस्टाच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या मात्र बंद आहेत. आत काय आहे, असं मी लहानपणी विचारलं होतं.

"मला काय माहीत? मी वर कधी गेलोच नाही," मामा म्हणाला होता. "जे पाहिलं नाही ते कसं करू?"

मनाने काही ठोकून द्यायचं नाही, एवढा एकच नियम तो पाळतो. बाकी गोंदाची बाटली उघडी ठेवणं, मामीची भुवयांची कात्री पळवणं, यात त्याला काही गैर वाटत नाही.

मामाचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. उभी हयात त्याने उंच इमारतींच्या पोटात, अंधाऱ्या खड्ड्यांवर लोंबकळत काढली आणि साधं खरचटून घेतलं नाही. पडला तो निवृत्त झाल्यावर, घरातल्या स्टुलावरून. माळ्यावरून स्टेशनचं छप्पर काढत होता. "छप्पर वाचलं हो," मामी भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "दोन्ही हातांनी वर धरलेलं होतं ना. पाठ काय, फुकटच मिळालेली."

पाठीच्या मणक्याला तडा गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, सरळ उताणं पडून राहायचं, उशी नाही, मान वळवायची नाही. जुन्या मोठ्या रुग्णालयाच्या लांबलचक वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर मामाला असं ठेवलं, आणि कितीतरी आठवडे त्याला छताखेरीज काही दिसलं नाही.

त्या दिवसांबद्दल तो फार बोलत नाही. एक गोष्ट मात्र त्याने मला दोनतीनदा सांगितली आहे. मान वळवता येत नसली की माणसाला कुणी येताना दिसत नाही. कुठूनतरी अचानक हात येतो, सुई टोचतो, चादर ओढतो. दर वेळी तो दचकायचा आणि दचकलं की पाठीतून कळ जायची. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तेवढ्या वेगळ्या होत्या. त्या आधी खाटेवर वाकायच्या, आपला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आणायच्या, "काय सात नंबर, मी आलेय," असं म्हणायच्या आणि मगच हात लावायच्या. औषधांची ट्रॉली घेऊन त्याच येत. तिचं एक चाक साऱ्या वॉर्डभर किंचाळत यायचं, सात नंबरजवळ आलं की गप्प व्हायचं, आणि मग चेहरा दिसायचा. "आवाज थांबला की मी तयार असायचो," मामा म्हणतो. "तिथली फरशी गुळगुळीत असणार."

घरी आल्यावर, कमरेला पट्टा बांधून, तो पुन्हा त्या चिंचोळ्या जागेत बसायला लागला. काय करतो आहे ते सांगेना. मी एका सुट्टीत गेले तेव्हा टेबलावर एक लांबट पांढरा खोका पालथा पडला होता.

"हे काय?"

"वॉर्ड," मामा म्हणाला. "मोठ्या सिस्टर महिनाअखेरीला निवृत्त होतायत. त्यांना द्यायचाय."

"नुसतं छप्पर केलंय," मामी आतून म्हणाली. "खाली माणसं हवेत चालणार आहेत."

कुठलीही इमारत करताना मामा आधी फरशी घालतो, मग भिंती उभ्या करतो आणि छप्पर शेवटी, तेही सुटं ठेवतो, म्हणजे उचलून आत बघता येतं. या वेळी त्याने छतापासून सुरुवात केली होती आणि भिंती त्याला पक्क्या चिकटवून टाकल्या होत्या. मी खोका उलटा करून आतलं छत पाहिलं आणि एकेक वस्तू बघतच राहिले. पंखे होते, त्यांतल्या एकाचं पातं जरासं वाकलेलं. ट्यूबलाइट होत्या, एक पिवळट. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, ते कशाचं केलं हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही. पण भिंती अर्ध्यावरच संपत होत्या. त्याखाली त्याने काही पाहिलंच नव्हतं. बरं वाटू लागल्यावर त्याला तसाच स्ट्रेचरवरून दुसरीकडे हलवलं होतं.

"मामी, तुम्ही रोज जात होतात. तुम्हाला फरशी आठवत असेल ना?"

"भेटायची वेळ केवढीशी," मामी म्हणाली. "त्यात मी यांच्या तोंडाकडे बघणार की फरशीकडे?" आणि लगेच तिला काहीतरी गॅसवर असल्याची आठवण झाली.

मी आणि मामा रुग्णालयात गेलो. नवी इमारत झाल्यामुळे जुना वॉर्ड रिकामा करून खणायला घेतला होता. दारातून दिसत होती ती नुसती माती, आणि बाहेर फुटक्या फरश्यांचा ढीग. मामाने त्यातला राखाडी रंगाचा एक तुकडा उचलून खिशात टाकला. परत येताना तो म्हणाला, "राहू दे आता. अर्धवट वस्तू कुणाला द्यायची नसते. आणि खोटी तर नाहीच."

"मग काहीच देणार नाहीस?"

"आभार मानून येईन. तोंडाने."

त्याला तोंडाने काही म्हणता येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो व्याह्यांशी लिफ्टच्या दोरांबद्दल बोलला होता.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात फिकट निळ्या साडीतल्या एक बाई उभ्या होत्या, हातात छत्री. मामा नमस्कार करून म्हणाला, "वरच्या मजल्यावर जायचंय का? लिफ्ट त्या बाजूला आहे."

मामी पदराने तोंड दाबून उभी राहिली. रुग्णालयात फोन करून तिनेच त्यांना बोलावलं होतं.

बाई आत आल्या. मामा खुर्चीत बसला, आणि त्या त्याच्यासमोर वाकून म्हणाल्या, "काय सात नंबर, मी आलेय."

मामा ताडकन उठला, पट्ट्यासकट. "अहो, मी तुम्हाला उभं कधी पाहिलंच नाही! खालून बघणाऱ्याला आधी हनुवटीच दिसते."

"वा! इतक्या वर्षांची नोकरी आणि राहिली काय, तर हनुवटी," सिस्टर म्हणाल्या.

खोका बाहेर आणला. सिस्टरांनी तो वरून पाहिला, बाजूने पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर सभ्य माणसाचा गोंधळ होता. "छान आहे. झाकण आहे का कशाचं?"

"तो खालून बघायचाय," मी म्हटलं.

आम्ही तो दोन स्टुलांवर आडवा ठेवला आणि खाली सतरंजी घातली. सिस्टर मागे सरकल्या. "मी? आडवी? मला सवय नाही हो." पण मामाचा चेहरा पाहून त्यांनी छत्री बाजूला ठेवली, गुडघा धरत खाली बसल्या आणि हळूहळू उताण्या झाल्या. मामाने बटण दाबलं. इवल्याशा ट्यूबा लागल्या, पिवळट ट्यूब दोनदा फडफडून लागली, आणि पंखे फिरू लागले.

मामा हात पुसण्याच्या फडक्याला पीळ घालत उभा होता.

"हा डाग कसला?" शेवटी खालून आवाज आला.

"ओल आलेली. बरोबर माझ्या खाटेवर," मामा म्हणाला. "आम्ही सहा, सात, आठ नंबरवाले त्याला उंट म्हणायचो. बसलेला."

"उंट!" सिस्टर एकदम कोपरावर उठायला गेल्या आणि मामीने खोका सावरला. "अहो, त्या कोपऱ्यातले पेशंट नेहमी उंट उंट करायचे. मला वाटायचं, औषध डोक्यात जातंय. तुम्ही एकदा म्हणालात, सिस्टर, आज उंट मोठा झालाय. मी घाबरून डॉक्टरांना सांगितलं आणि तुमची झोपेची गोळी बंद करवली."

"तरीच!" मामा म्हणाला. "मी टक्क जागा असायचो, आणि सोबतीला उंट."

मामी हसून हसून खाली बसली. सिस्टर हसता हसता थांबल्या. त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि उंटाकडे बघत राहिल्या. "एवढी वर्षं त्या वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या, "वर म्हणून कधी पाहिलं नाही."

"मी खाली पाहिलं नाही," मामा म्हणाला. "म्हणून राहिलं."

मग उठून, साडी सारखी करून, सिस्टरांनी त्याला फरशी सांगितली. सांगितली म्हणजे चालून दाखवली. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत त्या चालत गेल्या, पावलांना सगळं पाठ होतं. "हा दरवाजा. इथं दोन फरश्या नव्या, रंग जमलेला नाही. इथून उतार, पाणी सगळं या बाजूला धावायचं. आणि हे तुमच्या खाटेच्या अलीकडे," त्या थांबल्या, "इथं एक फरशी वर आलेली. चाक आदळायचं आणि तुम्ही कळवळायचात. म्हणून तेवढ्यापुरती मी ट्रॉली उचलून घ्यायचे."

मामा त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

"भरलेली?" त्याने विचारलं.

"मग रिकामी कशी असेल?"

"मला वाटायचं, तिथली फरशी गुळगुळीत आहे," मामा म्हणाला. तो आत गेला आणि उगाचच ब्रश धुऊ लागला.

निरोपाच्या दिवसापर्यंत फरशी करून देतो, असं तो चहा घेताना म्हणाला. सिस्टरांनी मान हलवली. "फरशी मला कशाला? ती माझ्या पोटऱ्यांत आहे. मला हे असंच द्या. पलंगावर टांगेन. आता मला आडवं पडायला वेळच वेळ आहे."

मामाने त्याला चार कड्या बसवल्या आणि स्वतः त्यांच्या घरी जाऊन तो वॉर्ड टांगून आला. स्टुलावर मात्र मामीने त्याला चढू दिलं नाही. सिस्टरांचा जावई चढला आणि मामा खालून सूचना देत राहिला.

फरशी त्याने नंतर केली, स्वतःसाठी. ढिगातून आणलेला तो तुकडा घासून घासून पातळ केला आणि त्याचे चौकोन कापून घातले. रंग न जमलेल्या दोन फरश्या आहेत, उतार आहे, वर आलेली एक फरशी आहे. भिंती नाहीत, छत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट राहिलं. त्यावर काड्यापेटीएवढी एक ट्रॉली आहे. कुणी विचारलं तर मामा ती बोटाने ढकलत दारापासून आणतो, आणि सात नंबरच्या अलीकडे चिमट्यात धरून अलगद उचलतो.